त्सोलफराइनची कोक भट्टी १९५७ नंतरची, मग दिसते १९३० सारखी का?

विटकर: जर्मनीतल्या एसेनच्या त्सोलफराइन कोळसा खाणीचे फोटो बघत बसलो होतो. शाफ्ट १२ (खाणीत उतरायची उभी विहीर आणि तिच्या इमारती) १९३२ चा, ते ठीक. पण शेजारची कोक भट्टी (कोळसा भाजून पोलाद कारखान्यांसाठी कोक बनवायचा कारखाना) १९५७ ते ६१ मधली, म्हणजे महायुद्ध होऊन गेलेलं, तरी तेच पोलादी चौकोन आणि मधे लाल विटा. तोवर तर सगळीकडे काँक्रीट आणि काच चालू झालं होतं ना? नुसती जुन्याची नक्कल आहे की काही कारण?

चिमणीवाला: आर्किटेक्टच तोच, फ्रिट्झ शुप. त्याचा जोडीदार मार्टिन क्रेमर १९४५ मधे गेला, मग शुपने एकट्याने केलं. आणि नक्कल म्हणू नका, त्या विटा वजन घेतच नाहीत, सगळा भार पोलादी सांगाड्यावर. मशीन बदलायचं असलं की तेवढा चौकोन फोडायचा, काम झालं की परत विटा भरायच्या. कारखान्याला याहून सोयीचं काय पाहिजे.

विटकर: अच्छा, भिंत म्हणजे नुसता पडदा. मग ती भट्ट्यांची लांबच लांब रांग? ती तर मुद्दाम दिमाखासाठी वाटते.

राखाडी: नाही हो, ती लांबी भट्टीनेच ठरवलेली. प्रत्येक भट्टी म्हणजे एक अरुंद उंच कप्पा, कोळसा वरून टाकायचा, हवा न लागता हजार अंशाच्या वर भाजायचा आणि मग एका बाजूने मशीनने ढकलला की दुसऱ्या बाजूने लालभडक कोक बाहेर पडतो. दोन्ही तोंडं मोकळी हवीत म्हटल्यावर कप्पे खेटून एका ओळीतच लावावे लागतात. सत्तरच्या दशकात वाढवल्यावर ३०४ भट्ट्या झाल्या, रांग सुमारे ६०० मीटर! शुपचं कसब बाकीच्या इमारती त्या रेषेशी जुळवण्यात आहे, असं माझं मत.

चिमणीवाला: +१. फक्त त्या अर्ध्या विटेच्या भिंतीतून थंडी सरळ आत येते, भट्टी पेटलेली होती तोवर कुणाला पडली नव्हती, आता तिथे माणसं बसवायची म्हणजे डोकेदुखी.

विटकर: म्हणजे आता बंद आहे?

राखाडी: १९९३ लाच. चीनला विकायची बोलणी झाली होती, ती फिसकटली म्हणून वाचली, २००१ मधे खाणीसकट जागतिक वारसा यादीत गेली. आता हिवाळ्यात भट्ट्यांच्या कडेने लोक बर्फावर स्केटिंग करतात 😄