'भामटा' आणि 'बेरड': बातमीतले शब्द की जातीची नावं?

चिकोडीकर:
'गोड बोलून वृद्धेचे गंठण लांबवले, भामटा पसार.' असा मथळा आपल्याकडच्या, बेळगाव सीमाभागातल्या मराठी पेपरांत नेहमी दिसतो. भामटा हे एका जातीचंही नाव आहे. मग कुठल्याही फसव्याला हा शब्द लावणं बरोबर का?

शहापूरकर:
शब्द रुळलाय की आता. वाचताना जात कुणाच्या डोक्यात येते? 'ठग' चालतो, मग भामट्यानं काय घोडं मारलंय? उगाच शब्दांना सोवळं नेसवू नका.

टिळकवाडी:
ठगाच्या पोराला जातीचा दाखला काढायला तहसीलला जावं लागत नाही, हा फरक. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत १४ नावं आहेत, त्यांत भामटा आहे आणि राजपूत भामटाही. सरकारी शिक्क्यानिशी दाखल्यावर जे लिहिलंय, तेच पेपरात चोराचं नाव म्हणून छापलेलं. आधी जात की आधी चोर हा वाद व्युत्पत्तीवाल्यांनी घालावा, त्या पोराला त्याचं काय!

'विमुक्त' कशातून मुक्त, हेही बघा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं आख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. १९११ च्या सुधारित कायद्यानंतर आपल्या मुंबई इलाख्यात हुबळी, गदग, विजापूर, सोलापूरला सेटलमेंट उभ्या राहिल्या. कुंपणाच्या आत राहायचं, हजेरी द्यायची, बाहेर पडायला परवानगी घ्यायची. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. कर्नाटकाचा १९६१ चा. बातमीतला 'सराईत' हा शब्दसुद्धा वाटतो तितका भोळा नाही.

रात्रपाळी:
बरीच वर्षं पेपरच्या डेस्कवर काढली, म्हणून सांगतो. संध्याकाळी पोलिसांची प्रेसनोट येते. 'सराईत', 'टोळी', 'अमुक जमातीचे संशयित' हे सगळं तिथूनच येतं आणि बातमीदार ते जसंच्या तसं उतरवतो. एका कॉलमच्या मथळ्यात जागा कमी. 'चोर' हा 'भामटा'हून आखूड, पण त्यातून गोड बोलून फसवल्याचं कळत नाही. 'भामटा'त ते आयतं येतं. द्वेष वगैरे काही नसतो, घाई असते.

पण एक गोष्ट तेव्हाही खटकायची. पाल टाकून राहणारी चार माणसं पकडली की 'पारधी टोळी जेरबंद'. पतसंस्थेच्या संचालकांनी ठेवीदारांचे कोट्यवधी गिळले की तो 'अपहार', फार तर 'गैरव्यवहार'. त्यांची जात कधी मथळ्यात आली? आणि त्यांना कुणी टोळी म्हणालं? एखाद्याच्या वर्तनावरून त्याच्या जातीला कमीपणा येईल अशा रीतीनं जातीचा उल्लेख टाळावा, असं प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेतच आहे. डेस्कवर ती कुणी काढून वाचत नाही. पुढे ती माणसं निर्दोष सुटली तर ती बातमी शोधून दाखवा.

चिकोडीकर:
आणि बेरड? आमच्या घरी मार खाऊनही न रडणाऱ्या पोराला 'बेरड हाय नुसता' म्हणायचे.

यमकनमर्डी:
हे मी सांगतो, कारण ते आम्हीच. कन्नडात बेड म्हणजे शिकारी, बेडर हे त्याचं अनेकवचन. मराठीत येताना अक्षरं उलटली आणि बेरड झालं. १८५७ साली हत्यारं सरकारजमा करायचा हुकूम आला तेव्हा मुधोळजवळच्या हलगलीचे बेडर त्याविरुद्ध उठले आणि फासावर गेले. कन्नड मुलखात त्यांचे पोवाडे गायले जातात. मराठीत त्याच नावाचा अर्थ झाला निर्लज्ज, कोडगा.

आता सीमेची गंमत बघा. कोगनोळी नाक्याच्या अलीकडे, कर्नाटकात, आम्ही नायक, वाल्मीकी, अनुसूचित जमातीत. पलीकडे महाराष्ट्रात, कागल-गडहिंग्लजला, तेच सोयरे बेरड, विमुक्त जातींत. आमचा यमकनमर्डी मतदारसंघ २००८ पासून जमातीसाठी राखीव. इथं आमची मतं मोजावी लागतात, त्यामुळे कन्नड पेपर अदबीनं 'नायक समाज' लिहितात. ही अदब पारध्यांच्या वाट्याला येत नाही, कारण पालावर मतांचा गठ्ठा नसतो.

टिळकवाडी:
आपल्याला कुणी वरच्या चॅनेलवर 'सीमाभागातले दंगेखोर' म्हटलं की किती झोंबतं! तेव्हा कुणी म्हणत नाही, शब्द रुळलाय म्हणून.

शहापूरकर:
बरं बाबा, मान्य. पण मथळ्यात लिहायचं काय मग?

रात्रपाळी:
कृत्य लिहा. पोलीस असल्याची बतावणी केली तर 'तोतया पोलीस' आहेच. गंठण नेलं तर 'गंठण लांबवले', कर्त्याशिवाय भागतं. पैशाला फसवलं तर 'गंडा'. आणि पोरांना ओरडायला निगरगट्ट, कोडगा, निर्ढावलेला, आडमुठा… मराठीत तुटवडा कसला!