मदत हवी आहे : २२ महिन्यांच्या लेकीला घेऊन एकटीने पुणे ते नागोया

रानजाई :

नमस्कार मंडळी,

नवरा एप्रिलपासून कामानिमित्त नागोयाला आहे. दिवाळीच्या आधी मी आणि लेक तीन महिन्यांसाठी त्याच्याकडे जातोय. व्हिसा हातात आलाय, तिकिटं मात्र अजून काढलेली नाहीत. तिथेच गाडं अडलंय.

लेक तेव्हा २२ महिन्यांची असेल. वजन साडेअकरा किलो, आणि चालायला लागल्यापासून पाय एका जागी ठरत नाही. बरोबर मी एकटीच. तिचा आतापर्यंतचा विमानप्रवास म्हणजे पुणे-नागपूर. तेवढ्यातही पुढच्या सीटवरच्या काकांचे केस ओढून झाले.

दोन रस्ते दिसतायत. एक, पुण्याहून दिल्ली, दिल्लीहून थेट टोकियोचं हानेदा, साधारण आठ तास, आणि पुढे शिनागावा स्टेशनहून शिनकान्सेनने (जपानची बुलेट ट्रेन) नागोया. दुसरा, गाडीने मुंबई, मुंबई-सिंगापूर साडेपाच तास, तिथे चार-पाच तास थांबायचं आणि मग रात्रीच्या विमानाने थेट नागोया, साडेसहा-सात तास. नवरा म्हणतो पहिला घे, लांबचं विमान एकच आहे. माझं म्हणणं, विमानातून उतरलं की घर आलं पाहिजे. आमचं भांडण मिटवा.

पुढचा घोळ सीटचा. दोन वर्षांच्या आतली म्हणून मांडीवर चालेल आणि ते तिकीट बरंच स्वस्त पडतं, पण रात्रभर मांडीवर? बॅसिनेट (विमानात समोरच्या भिंतीला लावतात तो बाळाचा पाळणा) तिला पुरेल का? आणि एकटीने टॉयलेटला जायचं कसं? हे हसण्यावारी नेऊ नका, मला खरंच याची सगळ्यात जास्त धास्ती आहे. जाऊबाईंचा सल्ला : सर्दीचं औषध दे चमचाभर, मुंबई सोडली की जपानलाच डोळे उघडेल. मला ते पटत नाहीये, पण घरात मीच एकटी विरोधात आहे.

खाण्याचं असं, की आमच्याकडे शाकाहार. ती मऊ वरण-भात, मेतकूट-भात आणि नाचणीच्या खिरीवर आहे. काय नेता येतं, काय तिथे काढून घेतात?

अनुभव असेल त्यांनी लिहा. "मुलं बरोबर ॲडजस्ट होतात" एवढं सोडून काहीही चालेल.

---

कवडसा :

अगं, मी नागोयातच राहते आणि माझं मत तुझ्या बाजूने. हानेदाला उतरलं की अर्धा प्रवास बाकीच असतो. इमिग्रेशन, बॅगा, कस्टम, मग केइक्यू कंपनीच्या लोकल गाडीने शिनागावा, तिथे लिफ्ट शोधायची (लिफ्ट असते, पण नेमकी फलाटाच्या दुसऱ्या टोकाला), त्यानंतर शिनकान्सेनमध्ये दीड तास. रात्रभर अर्धवट झोपलेल्या मुलीला घेऊन हे कशाला? आमचा नागोयाचा चुबू विमानतळ आटोपशीर आहे. बाहेर आलीस की नवरा समोर उभा, आणि तिथल्याच स्टेशनवरून मेइतेत्सु रेल्वेची म्यूस्काय गाडी २८ मिनिटांत नागोया स्टेशनला सोडते.

दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घे. म्हणजे बॅगा मुंबईत टाकल्या की थेट चुबूला हातात. वेगवेगळी तिकिटं स्वस्त दिसली तरी त्या फंदात पडू नकोस, पहिलं विमान रखडलं की सगळं तुझ्या गळ्यात.

चांगीला, म्हणजे सिंगापूरच्या विमानतळावर, चार-पाच तास जास्त वाटतात, पण तुझ्या लेकीसाठी ते हवेतच. तिथे ट्रान्झिटमध्ये फुकट बाबागाडी मिळते आणि मुलांना खेळायला जागा आहेत. मनसोक्त पळू दे. जेवण, अंघोळीऐवजी ओल्या कपड्याने अंग पुसणं, रात्रीचे कपडे, सगळं तिथेच उरकून विमानात चढ.

---

सातारी_कंदी :

नवऱ्याची बाजूही कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो. ते स्वतः हानेदाला घ्यायला येणार असतील, तर पहिला रस्ता तेवढा वाईट नाही. मोठ्या बॅगा विमानतळावरच ताक्क्यूबिनच्या (सामान घरपोच करणारी सेवा) काउंटरवर द्यायच्या, त्या सहसा दुसऱ्या दिवशी घरपोच येतात. पाठीवर एक सॅक आणि मुलगी, एवढंच घेऊन गाडीत बसायचं. बॅगा बरोबरच ठेवणार असाल तर लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर गेलेल्या बॅगेसाठी त्या मार्गावर जागा आधी राखून ठेवावी लागते.

सहा वर्षांखालचं मूल वेगळी सीट न घेता शिनकान्सेनने फुकट जातं. सीट हवी असेल तर अर्धं भाडं. ११ नंबरच्या डब्यात एक छोटी बहुउद्देशीय खोली असते. बाळाला पाजायचं असेल किंवा ते फारच रडत असेल, तर कंडक्टरला सांगितल्यावर ती उघडून देतात. आमच्या चिरंजीवांनी ओदावारापासून टाहो फोडला होता तेव्हा त्या खोलीने अब्रू राखली.

पण ते घ्यायला येणार नसतील, तर कवडसाताई म्हणतात तेच करा.

---

पाटपाणी :

सीटबद्दल. बॅसिनेटची आशा सोडा. वजनाची मर्यादा प्रत्येक कंपनीची वेगळी असते आणि काहींची तर दहा-साडेदहा किलोच आहे. वजनात बसलं तरी २२ महिन्यांचं मूल लांबीला पुरत नाही. शिवाय पट्ट्याची खूण लागली की झोपलेल्या बाळाला उचलून मांडीवर घ्या, खूण गेली की परत ठेवा. ते जागं होतंच.

पैशांची ओढाताण नसेल तर सीट घ्या. मात्र दोन वर्षांखालच्या मुलासाठी वेगळी सीट घेतली, तर बऱ्याच कंपन्या मान्यताप्राप्त कारसीट आणायला सांगतात. ती एकटीने वागवणं जमणार आहे का, ते बघा. नाहीतर मांडीवरचंच तिकीट काढून कंपनीला फोन करा, विमान भरलेलं नसेल तर शेजारची सीट रिकामी सोडाल का, असं विचारा. चेक-इनलाही पुन्हा विचारा, लाजू नका. आणि हो, परतीपर्यंत ती दोन वर्षांची झालेली असेल ना? मग परतीचं तिकीट सीटसकटच लागेल. बुकिंग करतानाच तसं सांगा.

आता टॉयलेट. बाळाला पोटाशी बांधायचं कॅरिअर न्या, बाबागाडीपेक्षा तेच कामी येतं. कमोडच्या वर भिंतीला एक फळी दुमडलेली असते, ती खाली ओढली की डायपर बदलायची जागा होते. ही फळी सगळ्या टॉयलेटांत नसते, कुठल्यात आहे ते चढल्याचढल्या हवाईसुंदरीला विचारून ठेवा. तुमच्या स्वतःच्या वेळी मुलीला तिच्याकडे दोन मिनिटं द्या, जेवणाच्या गाड्या फिरत नसतील तेव्हा बहुतेक जणी घेतात. मुलगी जाणारच नसेल तर कॅरिअरमध्ये बांधूनच आत जायचं. त्यासाठी नाडीची सलवार अजिबात नको, इलॅस्टिकची पँट आणि आखूड कुर्ता. एका हाताने नाडी सोडणं आणि बांधणं, तेही विमान हलत असताना, हा प्रकार शत्रूवरही येऊ नये.

---

हिमरू :

मी बालरोगतज्ज्ञ आहे. जाऊबाईंना माझं नाव सांगा.

झोपवण्यासाठी सर्दीचं औषध देऊ नका. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेली औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असा इशारा बाटलीवर छापायला आपल्याच औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं आहे. घरात पडलेल्या बऱ्याच सिरपांत हीच जोडी असते. शिवाय अशा औषधांनी काही मुलं झोपायच्या ऐवजी उलट चेकाळतात, आणि ते तुम्हाला बंगालच्या उपसागरावर कळेल.

जपानचे नियमही कडक आहेत. स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून जास्त असलेली औषधं तिथे नेताच येत नाहीत, कोडीनवरही बंधनं आहेत. पॅरासिटामोल, ओआरएस, नाकात घालायचे सलाइनचे थेंब, एवढं मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसकट न्या. इतर काही रोजचं औषध चालू असेल तर आधी चौकशी करा.

कानाचं दुखणं उड्डाणापेक्षा उतरताना जास्त होतं. विमान साधारण अर्धा तास आधीपासून खाली यायला लागतं. तेव्हा तिला जागं करा आणि घोट घोट पाणी किंवा दूध देत राहा. झोपलेलं मूल कमी गिळतं, म्हणून दडा बसतो. निघायच्या आठवड्यात सर्दी किंवा कान दुखत असेल तर एकदा दाखवून मगच निघा.

---

रानजाई :

हिमरू, तुमचा प्रतिसाद घरच्या ग्रुपवर टाकला. शांतता पसरली आहे. :)

चांगीमार्गेच जायचं ठरतंय. नवरा म्हणाला, मी हानेदाला आलो तर सुट्टीचा एक दिवस जातो, त्यामुळे वादच मिटला. कॅरिअर आहे. इलॅस्टिकच्या दोन पँटी आजच घेतल्या.

आता खाण्याचं कोणी सांगा. सासूबाई फराळाचा डबा द्यायच्या म्हणतायत.

---

कवडसा :

फराळ आण, आम्हालाही बोलाव! चकली, चिवडा, लाडू असं तळलेलं-भाजलेलं चालतं. अडतं ते ताजं आणि कच्चं. फळं, भाज्या, कढीपत्त्याची डहाळी, काहीही नको. केळी घेतलीस तर विमानातच संपव. कच्चे तांदूळ आणि डाळीही वनस्पती तपासणीत अडकतात, त्या ओझ्याची गरजच नाही. इथे भारतीय किराणा मिळतो, तूरडाळ घरबसल्या मागवता येते. आणि मऊ भाताला इथला चिकट तांदूळ इतका छान की मेतकूट घातल्यावर तुझी लेक पुण्याचा भात विसरेल. मेतकूट, नाचणीचं सत्त्व, भाजलेल्या रव्याचं उपम्याचं कोरडं मिश्रण घरून आण, पाकिटांवर नाव लिही. कस्टमच्या फॉर्मवर विचारलं असेल तिथे खरं ते लिही. तो फॉर्म आणि इमिग्रेशनची माहिती 'व्हिजिट जपान वेब'वर आधीच भरता येते, लेकीची माहितीही तुझ्याच खात्यात भरायची.

प्रवासात दशम्या. दुधात भिजवलेल्या असल्याने मऊ राहतात आणि तिला हातात धरून चघळता येतात. बाळाचं दूध आणि खाणं १०० मिलिलीटरच्या नियमात धरत नाहीत, फक्त सिक्युरिटीला वेगळं काढून दाखवायचं.

इथली तयार बाळ-अन्नाची पाकिटं बघून हुरळू नकोस. महिन्यांप्रमाणे सुंदर मांडलेली असतात, पण बहुतेकांत माशाचं नाहीतर कोंबडीचं सार असतं. नुसत्या मिठाची ओनिगिरी (भाताचा वळलेला गोळा), दही, केळं कुठल्याही कोंबिनीत (कोपऱ्यावरचं छोटं दुकान) मिळतं, वेळ निभते.

डायपर प्रवासाला आणि वर दोन दिवस पुरतील इतकेच आण, इथे औषधांच्या दुकानांत भरपूर मिळतात आणि पाकिटावर किलोत माप असतं. बाहेर कचऱ्याचे डबे जवळजवळ नसतातच, वापरलेला डायपर घरी आणावा लागतो. वास न येणाऱ्या पिशव्या जवळ ठेव.

---

सातारी_कंदी :

एक राहिलं. एकट्या आईबरोबर मूल असेल तर क्वचित कोणी विचारतं. जन्मदाखला, वडिलांच्या पासपोर्टची प्रत आणि त्यांचं सहीचं संमतिपत्र हाताशी ठेवा.

साडेतीन तासांचा फरक फार नाही. सकाळी नऊला उतराल तेव्हा तिच्या अंगात पहाटेचे साडेपाच असतील. दुपारी झोपली तर झोपू द्या, पण तीन-साडेतीनला उठवून बाहेर न्या. नाहीतर रात्री एक वाजता ताजीतवानी होऊन बसेल.

---

रानजाई :

खूप आभार सगळ्यांचे. तिकिटं काढली, परतीला तिची सीट धरून.

शेवटचा प्रश्न. घरचा छोटा मिक्सर आणि तीन लिटरचा कुकर नेऊ का? नवऱ्याकडे दोन पातेली आणि एक कढई एवढाच संसार आहे.

---

कवडसा :

मिक्सर नको. इथे वीज १०० व्होल्टची, आपला २३० चा मिक्सर नुसता गुरगुरेल. प्लगही दोन चपट्या पिनांचा. इथे एखादा साधा ब्लेंडर घे. विजेची फ्रिक्वेन्सी नागोयाला ६० हर्ट्झ आणि टोकियोला ५०, त्यामुळे कोणी टोकियोहून जुना देत असेल तर मागे लिहिलेलं वाचून घे.

कुकर जरूर आण, पण आधी नवऱ्याला शेगडीचा फोटो पाठवायला सांग. वर सपाट काच असेल तर इंडक्शनच्या बुडाचाच लागेल. गॅस असेल तर कुठलाही चालेल. शिट्टी आणि एक जादा रिंग हातातल्या सामानात नको, मोठ्या बॅगेत टाक.