पहिल्या तिमाहीतील मळमळ आणि सुगंधी तेले

अबोली_१२:
मला गरोदरपणाचा आठवा आठवडा सुरू आहे. दात घासतानाच उमासे येतात आणि स्वयंपाकघरात लसणीची फोडणी पडली की पोटात ढवळायला लागते. डॉक्टरांनी डॉक्सिलामाइन (मळमळीवरचे एक औषध) आणि बी६ जीवनसत्त्व यांची गोळी दिली असून तिने बराच उतार आहे, परंतु दिवसभर झापड राहते. जाऊबाई लिंबाचे किंवा पुदिन्याचे सुगंधी तेल हुंगायला सांगतात, तर सासूबाई कापराची वडी जवळ ठेवायला सांगतात. यांतले काय चालेल आणि ते कसे वापरावे?

औषधवाला:
ताई, यांपैकी लिंबाच्या वासाला थोडाफार आधार आहे. इराणमध्ये १०० गर्भवतींवर केलेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार दिवस लिंबाचे तेल हुंगणाऱ्या स्त्रियांची मळमळ साधे तेल हुंगणाऱ्यांपेक्षा कमी झाली. मात्र ती पूर्ण थांबली नाही, शिवाय लिंबाचा वास ओळखू येतोच, त्यामुळे आपल्याला कोणते तेल मिळाले हे रुग्णापासून लपवणे अशा अभ्यासात अवघडच असते. पुदिन्याविषयीचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. कापूर मात्र दूरच ठेवावा, कारण तो पोटात गेल्यास विषारी ठरतो आणि वारेतून बाळापर्यंत पोचू शकतो.

कापसाच्या बोळ्यावर एकदोन थेंब घेऊन तो नाकापासून थोडा लांब धरावा आणि दोनचार संथ श्वास घ्यावेत, एवढे पुरे. तेल पिऊ नये. ते अंगालाही लावू नये, कारण साल दाबून काढलेले लिंबाचे तेल लावून उन्हात गेल्यास कातडी भाजल्यासारखी होते.

शेवंती:
मी बंद खोलीत डिफ्यूझर (तेलाचा वास हवेत पसरवणारे यंत्र) लावत असे आणि आठवड्याभरात त्या वासानेच मला ओकारी येऊ लागली. नको वाटला की लगेच डबीत बंद करता येईल, असाच वास जवळ ठेवावा. खरे तर बाटली विकत घेण्याआधी ताज्या लिंबाच्या सालीत नख रुतवून पाहावे. बोटांवर चिकट तुषार उडतो, तेच ते तेल. बाटली घ्यायचीच असेल तर तिच्यावर सिट्रस लिमोन हे वनस्पतीचे नाव आहे का ते पाहावे, कारण नुसते ‘फ्रॅग्रन्स ऑइल’ लिहिलेले असल्यास ते बहुधा कृत्रिम अत्तरच असते.

औषधवाला:
शेवंतीताईंचा सालीचा उपाय उत्तम आहे. गोळीविषयी एक राहिले: झापड डॉक्सिलामाइनमुळे येते, त्यामुळे ती रात्री झोपताना घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे, वासाच्या भरवशावर ती परस्पर बंद करू नये. पाण्याचा घोटही पोटात ठरत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल किंवा वजन पाच टक्क्यांच्या आसपास उतरले असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण अशा वेळी सलाइन लावावे लागू शकते.