अमेरिकेतला 'अनलॉक' फोन ठाण्यात जिओ आणि एअरटेलवर पूर्ण चालेल का?

कासारवडवली_६१५

नमस्कार मंडळी. अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकांकडून दोन फोन घ्यायचे आहेत. एक आयफोन १५ आणि दुसरा गॅलेक्सी एस२४ अल्ट्रा, मॉडेल एसएम-एस९२८यू. दोन्ही 'अनलॉक आहेत' असं सांगितलंय. घरात एक जिओ आणि एक एअरटेल अशी साधी, प्लास्टिकची सिम आहेत. घर घोडबंदर रोडला, इमारतीच्या आतल्या बाजूला, त्यामुळे रेंज आधीच बेताची.

प्रश्न असे: अनलॉक म्हटल्यावर कॉल, फाइव्ह-जी सगळं चालतंच ना? फोन हातात आल्यावर काय तपासायचं? आणि उलट बाजूचा प्रश्न: भाची ऑगस्टमध्ये शिकायला तिकडे जातेय, तिने इथे घेतलेला फोन न्यावा का?

लहरीलांबी_ऐरोली

अनलॉक म्हणजे फक्त एवढंच की फोन दुसऱ्या कंपनीचं सिम नाकारणार नाही. ते सिम टाकल्यावर फोन आपल्याकडच्या लहरी पकडेल का आणि त्यावरून कॉल लावू शकेल का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लोक तिन्ही एकत्र करतात आणि तिथेच फसतात. आपल्याकडे फोन कंपनीला बांधलेला सहसा विकतच नाहीत, म्हणून ही सवय आपल्याला नाही.

आधी लहरी. ठाणे, नवी मुंबई आणि कल्याण हे तिन्ही मुंबईच्या परवाना क्षेत्रात येतात, त्यामुळे वाशीला चालणारा फोन ठाण्यातही तसाच चालतो. फोर-जीसाठी जिओ बँड (लहरींचे ठरलेले पट्टे) ३, ५ आणि ४० वापरतं. एअरटेलचे बँड १, ३, ८ आणि ४०. यातले ५ आणि ८ हे साधारण ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झचे. लांब पल्ल्याच्या लहरी, भिंतीतून आत शिरतात. तुमच्यासारख्या आतल्या खोलीत हेच दोन कामाला येतात. बँड ४० म्हणजे २३०० मेगाहर्ट्झ. तो भिंत फारशी ओलांडत नाही, पण रुंद असल्यामुळे गर्दीचा भार तोच उचलतो. फोनमध्ये ४० नसेल तर रेंजच्या दांड्या भरलेल्या दिसतात आणि रात्री नऊला व्हिडिओ अडकतो, कारण फोन अरुंद बँडवर बाकी सगळ्यांसोबत रांगेत उभा असतो.

फाइव्ह-जीला दोघांचाही मुख्य बँड एन७८, म्हणजे ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा. जिओकडे शिवाय एन२८ आहे, ७०० मेगाहर्ट्झचा. घराच्या आत फाइव्ह-जी हवं असेल तर तो असणं फार मोलाचं.

इथे एक बारकावा. जिओचं फाइव्ह-जी स्वतंत्र पद्धतीचं आहे, फोर-जीचा आधार न घेणारं. एअरटेलने २०२२ मध्ये सुरुवात फोर-जीच्या आधारावर चालणाऱ्या पद्धतीने केली. त्यात फोनला एकाच वेळी फोर-जीचा एक बँड आणि एन७८ अशी जोडी धरावी लागते. हार्डवेअरमध्ये दोन्ही असूनही ती जोडी फर्मवेअरमध्ये, म्हणजे फोनच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, चालू केलेली नसेल तर फोन फोर-जीवरच बसतो. म्हणून एकाच फोनवर जिओचं फाइव्ह-जी येतं आणि एअरटेलचं येत नाही, किंवा उलट, असं दिसलं तर सिमला दोष देऊ नका.

आयफोन १५ आणि एस२४ अल्ट्रासारख्या महागड्या फोनमध्ये बँडची अडचण सहसा येत नाही. अडचण येते ती अमेरिकन कंपन्यांच्या दुकानात हप्त्यावर मिळणाऱ्या स्वस्त मॉडेलांत. तिथे बँड ४० किंवा एन७८ गाळलेला असू शकतो. नाव एकच असलं तरी बाजारागणिक आतला रेडिओ वेगळा असतो, म्हणून बँडची यादी नेहमी पूर्ण मॉडेल क्रमांक टाकूनच पाहा.

आता कॉल. जिओकडे टू-जी, थ्री-जी नाहीच. कॉल फक्त व्हीओएलटीईवर, म्हणजे फोर-जीच्या डेटावरून. फोनच्या फर्मवेअरमध्ये जिओची व्हीओएलटीई जुळणी नसेल तर इंटरनेट झकास चालेल आणि कॉल लावला की लगेच तुटेल. एअरटेलवर हाच फोन कॉलच्या वेळी टू-जीवर उतरतो. कॉल लागतो, पण तेवढा वेळ इंटरनेट बंद पडतं. एअरटेलवर कॉल लागला म्हणून खूश होऊ नका. खरी परीक्षा जिओचं सिम घेते.

सेक्टर१७_वाशी

ऐरोलीकरांनी लहरींचं नीट सांगितलंय. मी फोन हातात आल्यावरचं सांगतो. तुमचे फोन घरचेच आहेत, पण गोखले रोड किंवा वाशीला सेकंडहँड घेणाऱ्यांनाही हेच लागू.

आयफोन: सेटिंग्ज, जनरल, अबाउट. खाली 'कॅरिअर लॉक' ही ओळ आहे, तिच्यासमोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असंच लिहिलेलं हवं. त्याच पानावर सिमच्या माहितीत 'आयएमएस स्टेटस' दिसतं. तिथे 'व्हॉइस अँड एसएमएस' आलं की व्हीओएलटीई जुळलं. आयफोनला प्रत्येक कंपनीची जुळणी ॲपलकडून आपोआप येते, त्यामुळे त्या बाबतीत निर्धास्त राहा.

जुन्या, सिमचा कप्पा असलेल्या आयफोनला एक खास धोका असतो. सिमखाली कागदाएवढी पातळ चिप ठेवून तो 'अनलॉक' केलेला असतो. कप्पा बाहेर काढून सिमच्या पाठीमागे बोट फिरवा. चिप असेल तर सोडून द्या. पुढचं अपडेट किंवा रीसेट झालं की फोन पुन्हा कुलूपबंद.

सॅमसंग: एस९२८यू मधला शेवटचा 'यू' म्हणजे अमेरिकन कंपनीचा फोन. 'यू१' म्हणजे तिकडचा, पण कंपनीविना विकलेला. 'बी' म्हणजे आपल्याकडे आणि बऱ्याच इतर देशांत मिळतो तो. सेटिंग्ज, अबाउट फोन, सॉफ्टवेअर इन्फर्मेशन इथे 'सर्व्हिस प्रोव्हायडर' च्या ओळीत तीन-तीन अक्षरांचे संकेत दिसतात. टीएमबी, एटीटी, व्हीझेडडब्ल्यू हे तिकडच्या कंपन्यांचे, एक्सएए म्हणजे कंपनीविना, आयएनएस म्हणजे भारत. यू आणि यू१ च्या फर्मवेअरमध्ये आयएनएस नसतंच, त्यामुळे भारतीय सिम टाकून रीसेट केलं तरी फोन भारतीय होत नाही. मेनूतला व्हीओएलटीईचा खटका गायब असणं, कॉल रेकॉर्डिंग नसणं, ही त्याचीच लक्षणं. खटका दिसत नाही म्हणजे व्हीओएलटीई बंदच आहे असं मात्र नाही. कॉल लावून पाहायचं.

यू वर यू१ चं फर्मवेअर टाकता येतं, त्याने कंपनीचे ॲप आणि अडथळे जातात. 'बी' चं टाकायच्या फंदात पडू नका, ते बसत नाही. यू१ टाकतानाही बिल्ड क्रमांकातलं मागून पाचवं अक्षर पाहा. ती बूटलोडरची, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामची, आवृत्ती. फोनवर आहे त्यापेक्षा खालची टाकायला गेलात तर फोन नकार देतो. आणि यात डेटा पुसला जातो, बॅकअप आधी घ्या.

कॉलची चाचणी अशी: जिओचं सिम टाका, वायफाय बंद करा (नाहीतर कॉल वायफायवरून जातो आणि तुम्हाला वाटतं व्हीओएलटीई चालतंय). दोन मिनिटं बोला आणि बोलता बोलता ब्राउझर उघडून एखादं पान लोड करा. कॉल टिकला आणि पानही आलं तर काम झालं. मग समोरच्याला तुम्हाला कॉल करायला सांगा. येणारा कॉल न लागणं हा वेगळा आजार आहे आणि तो लोक तपासतच नाहीत.

शेवटी *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, घ्या आणि केवायएम, मोकळी जागा, मग १५ अंकी आयएमईआय असा एसएमएस इंग्रजी अक्षरांत १४४२२ वर पाठवा. हा क्रमांक आपल्याकडे ब्लॉक, नकली किंवा दोन फोनांवर वापरलेला असेल तर उत्तरात कळतं.

कासारवडवली_६१५

फार उपयोगी. एस२४ टी-मोबाइल या तिकडच्या कंपनीचा आहे असं आत्ता कळलं, हप्ते फिटलेत. कुलूप अजून उघडलंय की नाही याची खात्री नाही. इथे आल्यावर करता येईल का?

सेक्टर१७_वाशी

तिथेच उघडून घ्या, विमानात बसायच्या आधी. कुलूप फक्त मूळ कंपनी उघडते, तेही सहसा मूळ खातेदाराने मागितल्यावर. टी-मोबाइलच्या पोस्टपेड फोनला पूर्ण पैसे फिटलेले आणि त्यांच्या नेटवर्कवर किमान ४० दिवस चालवलेला, ही अट असते. एटी अँड टीला ६० दिवस. टी-मोबाइलच्या सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, कनेक्शन्स, मोअर कनेक्शन सेटिंग्ज इथे 'नेटवर्क अनलॉक' असतं. त्यात कायमचं, म्हणजे 'पर्मनंट अनलॉक' निवडायचं. तात्पुरतं निवडलं तर काही दिवसांनी कुलूप परत लागतं. एटी अँड टी मात्र सॅमसंगसाठी आकडी कोड देतं आणि तो परक्या कंपनीचं सिम टाकल्यावरच विचारला जातो. अंदाजाने आकडे दाबू नका, चुकण्याच्या संधी मोजक्याच असतात.

आणि 'बूटलोडर अनलॉक' ही वेगळीच गोष्ट. विकणारा 'ओईएम अनलॉक' चा स्क्रीनशॉट दाखवत असेल तर त्याचा सिमच्या कुलपाशी काही संबंध नाही.

ईआयडी_३२_घणसोली

एक मोठी गोष्ट राहिली. आयफोन १४ पासून अमेरिकन आयफोनला सिमचा कप्पाच नाही, सगळं ईसिम, म्हणजे फोनमध्येच बसवलेलं सिम. एस९२८यू ला एकच कप्पा आहे, दुसरं सिम ईसिमच. म्हणजे कासारवडवलीकरांना निदान एक प्लास्टिकचं सिम ईसिममध्ये बदलावंच लागेल.

जिओसाठी *#०६# दाबून ३२ अंकी ईआयडी (फोनमधल्या ईसिमचा क्रमांक) आणि १५ अंकी आयएमईआय लिहून घ्या. मग जुन्या फोनवरून, चालू सिमवरून, इंग्रजीत 'गेट' आणि 'ईसिम' सलग लिहून मोकळी जागा, ईआयडी, मोकळी जागा, आयएमईआय असा एसएमएस १९९ वर. एअरटेलला इंग्रजीत ईसिम, मोकळी जागा आणि नोंदवलेला ईमेल असा एसएमएस १२१ वर. उलट येणाऱ्या एसएमएसला ६० सेकंदांत १ असं उत्तर द्यायचं. उशीर झाला की पुन्हा पहिल्यापासून. खात्यात ईमेल नोंदवलेला आहे का हे आदल्या दिवशीच बघा, बहुतेकांचं तिथेच अडतं. क्यूआर कोड ईमेलवर येतो. तो दुसऱ्या स्क्रीनवर उघडा आणि नवा फोन वायफायला जोडून स्कॅन करा. कोड एकदाच चालतो. ईसिम चुकून डिलीट केलंत तर नवा मागवावा लागतो आणि तोवर एसएमएस पाठवायला सिमच उरलेलं नसतं, म्हणजे कंपनीच्या गॅलरीत, तिच्या दुकानात, फेरी.

सर्वांत महत्त्वाचं: सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद असतात, जाणारे आणि येणारेही. सिमच्या चोरीच्या अदलाबदलीतून बँक खाती रिकामी होऊ नयेत म्हणून तो नियम आहे. त्या काळात ओटीपी नाही, यूपीआय ॲप नव्या फोनवर नोंदवता येत नाही, आयमेसेजही सुरू होत नाही. लोक याला फोनचा बिघाड समजून रीसेट करत बसतात. दोन्ही सिम एकाच दिवशी बदलू नका. एक बदला, दोन दिवस थांबा, मग दुसरं.

लहरीलांबी_ऐरोली

भाचीच्या फोनबद्दल. अमेरिकेत एटी अँड टी आणि टी-मोबाइलने थ्री-जी २०२२ मध्येच बंद केलं, व्हेरायझनचं जुनं, सीडीएमए पद्धतीचं नेटवर्क त्याच वर्षाच्या शेवटी गेलं. म्हणजे तिथेही कॉल व्हीओएलटीईवरच. एटी अँड टी स्वतःच्या मान्य यादीत नसलेला फोन नेटवर्कवर घेतच नाही, बँड जुळत असले तरी. टी-मोबाइल त्या मानाने मोकळं आहे, पण त्याच्या लांब पल्ल्याच्या लहरी ६०० मेगाहर्ट्झच्या, बँड ७१ आणि एन७१. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या कित्येक फोनांत ते नसतात. व्हेरायझनसाठी बँड १३ पाहा. शहरात फरक जाणवणार नाही, पण विद्यापीठ गावाबाहेर असेल तर वसतिगृहाच्या खोलीत रेंज जाईल. तिन्ही कंपन्यांच्या संकेतस्थळावर आयएमईआय टाकून तपासायची सोय आहे. तिकीट काढायच्या आधी घरबसल्या करा.

फोन तिकडेच घ्यायचा ठरला तर कंपनीच्या हप्त्यावर नको, पूर्ण पैसे भरून कंपनीविना घ्यायला सांगा. भारतीय नंबर जायच्या निदान आठवडाभर आधी ईसिममध्ये आणा, आणि आंतरराष्ट्रीय रोमिंग इथूनच चालू करून घ्या, म्हणजे बँकेचे ओटीपी तिकडे येतील.

कुणी ऑस्ट्रेलियाला फोन नेणार असेल तर तिथला नियम याहून कडक आहे. टेल्स्ट्रा आणि ऑप्टस या तिथल्या कंपन्यांनी २८ ऑक्टोबर २०२४ पासून थ्री-जी बंद करायला घेतलं, आणि ज्या फोनवरून व्हीओएलटीईने आपत्कालीन ००० कॉल लागत नाही तो फोन कंपन्यांना नेटवर्कवर ठेवताच येत नाही. डेटासाठीसुद्धा नाही.

ईआयडी_३२_घणसोली

भाचीने ईसिम केलं की ईआयडीचा आणि ईसिमच्या सेटिंगच्या पानाचा फोटो घरच्यांकडे ठेवायला सांगा. तिकडे फोन फुटला तर भारतीय ईसिम परत मिळवायला गॅलरीत नंबरधारकालाच यावं लागतं. त्यामुळे बँकेत ईमेलवर ओटीपी येण्याची सोय असेल तर तीही निघायच्या आधी चालू करून घ्या.