जोडीदाराच्या गावी पहिल्यांदा गेलात तेव्हाचे अनुभव सांगा

तीन वर्षं ओळखत होते मी नवऱ्याला, पण त्याला मालवणी बोलताना कधी ऐकलंच नव्हतं. लग्न ठाण्यातच झालं त्यामुळे गावचं घर बघितलं ते एकदम पहिल्या गणपतीला. कोकणकन्येने रात्री ठाण्याहून निघालो, सकाळी कुडाळला उतरलो, प्लॅटफॉर्मवर दीर दिसले, "इलास?" म्हणाले आणि तिथून जे दोघांचं सुरू झालं ते घरापर्यंत मला निम्मंच कळलं. ऑफिसात मोजूनमापून बोलणारा हा माणूस गावात एवढ्या मोठ्याने हसतो!! दारात सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, "ये गो चेडवा". आत माटवी बांधायचं काम चाललं होतं (गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट असते, तिला नारळ, सुपाऱ्या, आंब्याचे टाळ, रानातली फळं-फुलं टांगतात). सासरे स्टुलावर उभे होते, त्यांनी कवंडाळ नावाचं एक केशरी रानफळ माझ्या हातात दिलं, "ह्या तू बांध". माझी गाठ दोनदा सुटली. ते काहीच बोलले नाहीत, फक्त दोरी पाण्यात भिजवून परत माझ्या हातात दिली, मग बसली गाठ. ते कवंडाळ विसर्जनापर्यंत मी येताजाता बघत होते.

तुमचं काय झालं ते सविस्तर लिहा, गोड असलं पाहिजे असं काही नाही.

—

मी कोल्हापूरची, सासर यवतमाळ जिल्ह्यात, आणि पहिल्यांदा गेले ते ऐन मे महिन्यात. दुपारी बाराला रस्त्यावर चिटपाखरू नाही, घरात कूलरचा आवाज आणि वाळ्याचा वास. सासूबाई म्हणाल्या फ्रीजमधला सांभार दे बरं. मी सगळी पातेली उघडून बघितली, इडलीबरोबरचं सांबार काही सापडेना, शेवटी त्यांनी येऊन कोथिंबिरीची जुडी काढली आणि "आमच्याकडं यालेच सांभार म्हणतात माय" म्हणून माझ्या पाठीवरनं हात फिरवला. त्या दुपारी आम्ही दोघींनी मिळून सांभारवडी केली. त्यांनी मला विचारलं तुमच्याकडं तांबडा रस्सा कसा करतात, नीट, एकेक मसाला विचारून, अंदाज घेत. नवी सून काय काय शिकून घेते हे सगळे बघतात, पण सुनेकडून शिकणारी सासू मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. आज त्या नाहीत. यवतमाळला कोथिंबीर निवडायला बसलं की अजून गलबलतं.

—

माझं जरा वेगळं आहे. मी साताऱ्याचा, बायको चेन्नईत वाढलेली पण तिचं मूळ घर तंजावरचं, मराठी. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तिकडे गेले त्यांच्याबरोबर आणि नंतरही जी घरं गेली त्यातलंच एक. साडेतीनशे वर्षं होत आली पण घरात अजून मराठी बोलतात, शब्द आपले आणि चाल तमिळ, पहिला दिवसभर मला प्रत्येक वाक्य मनात परत म्हणून बघायला लागलं. जेवायला केळीच्या पानावर डांगर पच्चडी होती, म्हणजे आपण उडदाच्या पिठाचं डांगर करतो तेच, दह्यातलं. दुसऱ्या दिवशी आजेसासरे मला बृहदीश्वराच्या देवळात घेऊन गेले. तिथे भिंतीवर 1803 सालचा भलामोठा मराठी लेख कोरलाय, सरफोजीराजांनी कोरून घेतलेला, भोसले घराण्याचा इतिहास. आजोबा जन्मभर मराठी बोलले पण वाचता फक्त तमिळ येतं, देवनागरी नाही. म्हणाले वाच. मी अडखळत, जुनी भाषा जुळवत जुळवत मोठ्याने वाचत गेलो आणि ते भिंतीला हात लावून उभे. एका ओळीला त्यांनी मला थांबवलं आणि तीच परत वाचायला लावली. मला जावई म्हणून मान तिथे मिळाला, घरात दिलेल्या वेष्टीने (तिकडचं धोतर) नाही.

—

गोड नसलं तरी चालेल म्हणालात म्हणून लिहितेय. गावाचं नाव लिहीत नाही. आमचं आंतरजातीय. पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळ्यांना चहा कपबशीत आला आणि मला स्टीलच्या पेल्यात. पेला फडताळात एका बाजूला वेगळा ठेवलेला होता, तो काढताना मी बघितला. घशात चहा उतरेना. नवरा उठला, आत गेला, दुसरा तसलाच पेला शोधून आणला आणि आपल्या कपातला चहा त्यात ओतून माझ्या शेजारी बसून प्यायला. कोणी काही बोललं नाही. सहा वर्षं झाली, आता मलाही कप मिळतो. तो पेला कुठे गेला ते मी विचारलं नाही, पण फडताळाकडे नजर जातेच.

—

वरचं वाचून हात थांबला होता ताई. तुमच्या मिस्टरांना नमस्कार सांगा.

माझं छोटंसंच आहे. सासुरवाडी भुसावळजवळ, डिसेंबरात गेलो होतो. सासरे अजिबात बोलले नाहीत, संध्याकाळी नुसतं "चला" म्हणून शेतात नेलं. कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून त्यात भरताची हिरवी वांगी टाकली आणि एक काठी माझ्या हातात देऊन पलटवायला सांगितलं. दोन तास आम्ही दोघं जाळापुढे बसून वांगी पलटवत होतो. साल सोलताना माझी बोटं पोळली तर त्यांनी न बोलता पाण्याचा तांब्या सरकवला. घरी गेल्यावर सासूबाईंना एवढंच म्हणाले, पोरगा जाळापुढून उठला नाही.