अर्ध्या निमिषात २२०२ योजनं: शब्दशः घ्यायचं का?

अक्षरवेध:
ऋग्वेद १.५०.४ वरच्या सायणभाष्यात (सायणाचार्यांनी केलेल्या विवरणात) एक वचन आहे: 'योजनानां सहस्रे द्वे द्वे शते द्वे च योजने। एकेन निमिषार्धेन क्रममाण नमोऽस्तु ते॥' म्हणजे, अर्ध्या निमिषात (निमिष किंवा निमेष म्हणजे पापणी लवण्याचा काळ) २२०२ योजनं (योजन हे अंतराचं जुनं माप) चालणाऱ्या तुला नमस्कार असो. यातून प्रकाशाचा वेग अचूक निघतो, असा मेसेज सारखा फिरत असतो. हे गणित खरंच जुळतं का? आणि अशी वचनं शब्दशः घ्यायची, की भाकडकथा म्हणून सोडून द्यायची?

घटिकापात्र:
जुळतं, कारण मापं जुळतील अशी निवडलेली असतात. स्वतः करून बघा.

विष्णुपुराणात १५ निमेष म्हणजे काष्ठा, ३० काष्ठा म्हणजे कला, ३० कला म्हणजे मुहूर्त आणि ३० मुहूर्त म्हणजे अहोरात्र. दिवसाचे ४,०५,००० निमेष झाले, म्हणजे एक निमेष ०.२१३ सेकंदाचा. त्याच्या अर्ध्यात २२०२, तर सेकंदाला साधारण २०,६४४ योजनं. योजन ९ मैलांचं (१४.४८ किमी) धरलं की २,९९,००० किमी येतात. खरा आकडा २,९९,७९२. टाळ्या!

आता मनुस्मृती घ्या. तिथे काष्ठेत १८ निमेष, त्यामुळे उत्तर ३,५९,००० वर जातं. भागवताच्या तिसऱ्या स्कंधातला निमेष ०.४२७ सेकंदाचा पडतो, उत्तर थेट दीड लाखावर. योजनाचीही तीच गत. आर्यभटाने पृथ्वीचा व्यास १०५० योजनं दिलाय, सूर्यसिद्धांताने १६००. खऱ्या १२,७४२ किमीला यांनी भागलं की योजन एकदा १२.१ किमीचं, एकदा ८ किमीचं. हे ८ किमी विष्णुपुराणाच्या निमेषाबरोबर वापरलं, तर वेग १,६५,००० किमी.

निमेष एका ग्रंथातला, योजन दुसऱ्यातलं, आणि निवड उत्तर माहीत झाल्यावर केलेली. शिवाय 'क्रममाण' हे संबोधन चालणाऱ्या सूर्याला आहे. किरणांचा या श्लोकात उल्लेखच नाही.

पूर्वपक्ष:
म्हणजे आपल्या पूर्वजांना काहीच कळत नव्हतं म्हणायचं? पाश्चात्त्यांनी सांगितलं तेवढंच खरं!

शाबरी:
उलट, वेद कसा वाचायचा याचे नियम पूर्वजांनीच घालून दिलेत. मीमांसेत, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याच्या शास्त्रात, विधी (आज्ञा) आणि अर्थवाद (स्तुती किंवा वर्णन) वेगळे काढतात. 'स्वर्गकामो यजेत' (स्वर्ग हवा त्याने यज्ञ करावा) हा विधी, तो शब्दशः पाळायचा. 'आदित्यो यूपः' हा अर्थवाद. यज्ञाचा खांब म्हणजे सूर्य, हे डोळ्यांना दिसतं त्याच्या विरुद्ध आहे. म्हणून तो गुणवाद ठरतो: तूप माखलेला खांब चकाकतो, एवढाच अर्थ घ्यायचा. 'अग्निर्हिमस्य भेषजम्', म्हणजे आग हे थंडीवरचं औषध. हे आधीच माहीत असतं, म्हणून तो अनुवाद, म्हणजे माहीत गोष्टीचा पुनरुच्चार. कशाशी विरोध नाही आणि दुसरीकडून कळतही नाही, तेव्हाच भूतार्थवाद, म्हणजे खरंच तसं आहे असं सांगणारं वाक्य.

त्यामुळे शब्दशः की भाकड, अशी दोनच दारं नाहीत. वाक्य आधी कोणत्या खणात बसतं ते ठरवायचं. इथला श्लोक तर सायणांनी 'तथा च स्मर्यते' (परंपरेत असंही म्हटलंय) म्हणून उद्धृत केलाय. नमस्कार आहे तो, मोजमापाचा तक्ता नव्हे.

शंकराचार्य तर गीताभाष्यात (१८.६६) स्पष्टच लिहितात की अग्नी थंड आहे असं शंभर श्रुतींनी (वेदवचनांनी) सांगितलं, तरी ते प्रमाण ठरत नाही.

घटिकापात्र:
@पूर्वपक्ष, अभिमानच हवा असेल तर भास्कराचार्यांचा गोलाध्याय (त्यांच्या 'सिद्धांतशिरोमणी' या ज्योतिषग्रंथाचा भाग) काढा. पुराणांत रात्र होते ती सूर्य मेरू या सोन्याच्या पर्वताआड गेल्यामुळे. भास्कराचार्य विचारतात: मग मधे उभा असलेला तो सोन्याचा डोंगर दिसत का नाही? आणि गोल पृथ्वी सपाट का भासते, तर परिघाचा शंभरावा भाग सपाटच वाटतो म्हणून. हे ११५० सालचं आहे. चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, तो शिलालेख तिथे आहे.

अक्षरवेध:
धन्यवाद. पुढच्या वेळी मेसेज आला की 'योजन कोणत्या ग्रंथातलं आणि निमेष कोणत्या?' एवढंच विचारतो.

शाबरी:
विचारा. 'नासा'चं नाव निघेल.