रोबोटिक प्रोस्टेट ऑपरेशननंतर लघवीवर ताबा यायला किती दिवस लागले? अनुभव हवे आहेत

नमस्कार मंडळी,

सात आठवड्यांपूर्वी मुंबईत बाबांचं (वय ६८) प्रोस्टेट कॅन्सरमुळे रोबोटिक पद्धतीने काढलं. आधी पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) ९.४ होता, बायोप्सीत ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक आहे ते सांगणारा आकडा) ३+४. परवा ऑपरेशननंतरचा पहिला पीएसए आला, ०.१ च्या खाली. काढलेल्या गाठीच्या रिपोर्टमध्ये कडांनाही कॅन्सर नाही. म्हणजे मुख्य दुखण्यातून सुटलो, देवाची कृपा.

अडलंय ते लघवीपाशी. कॅथेटर (लघवीची नळी) आठव्या दिवशी काढला. रात्री झोपेत कोरडे असतात, पण खुर्चीतून उठले, खोकले, पिशवी उचलली की गळतं. आधी दिवसाला सहा पॅड लागायचे, आता तीन-चार. बाबा रोज कालनिर्णयवर तारखेच्या चौकोनात पेन्सिलने पॅडचा आकडा लिहितात. गेल्या मंगळवारी २ होता, बुधवारी परत ४. तो ४ इतका दाबून लिहिलाय की मागच्या पानावर उमटलाय.

संध्याकाळी कट्ट्यावर जाणं बंद झालंय. पांढरा लेंगा कपाटात गेलाय. तपासणीला डोंबिवलीहून दादरला जायचं तर लोकल नकोच म्हणतात. चाळीस वर्षं त्याच गाडीने कामाला गेलेला माणूस आहे हो.

ऑपरेशनआधी आम्हाला एवढंच सांगितलं होतं की रोबोटिक आहे, लवकर बरे व्हाल. बाबांनी त्याचा अर्थ ‘त्रास होणारच नाही’ असा घेतला, आणि खरं सांगायचं तर मीही. आता त्यांच्या डोक्यात बसलंय की पोट उघडून केलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून मी शोधून त्यांना वाचून दाखवलं: ब्रिस्बेनला ३२६ पुरुषांवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली होती, २०१६ साली लॅन्सेटमध्ये आली. रोबोटने रक्त कमी गेलं, रुग्ण लवकर घरी गेले, पण १२ आठवड्यांनी लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांत दोन्हीकडे विशेष फरक नव्हता. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बारा ना? म्हणजे अजून पाच राहिले.”

तेव्हापासून माझी झोप उडालीय. बारा आठवड्यांत बरं होतं असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. डॉक्टर म्हणतात सहा महिने, कुणाला वर्षही लागतं. बाबांनी मात्र कालनिर्णयवर बाराव्या आठवड्याच्या तारखेला गोल केलाय.

ज्यांनी हे स्वतः किंवा घरात अनुभवलंय, त्यांनी कृपया सांगा. पॅड पूर्ण सुटायला किती महिने लागले? आकडा असा वरखाली व्हायचा का? केगल व्यायाम (लघवी रोखणारे स्नायू आवळायचे-सोडायचे) बाबा दिवसातून तीनदा करतात, पण श्वास रोखून, पोट आवळून. मला ते चुकीचं वाटतं. ठाणे ते दादर पट्ट्यात पुरुषांना हे नीट शिकवणारे फिजिओथेरपिस्ट कुणाला माहीत आहेत का?

अजून एक. लैंगिक क्षमतेसाठी लागणाऱ्या नसा दोन्ही बाजूंच्या वाचवल्यात असं सर्जन म्हणाले. पुढचं मुलगा म्हणून मला बाबांना विचारता येत नाही, आईलाही नाही. तुमच्यापैकी कुणी डॉक्टरांशी हा विषय कधी आणि कसा काढला? इथे लिहायचा संकोच वाटत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

आणि त्या गोल केलेल्या तारखेबद्दल बाबांशी आत्ताच बोलू की तो दिवस येऊ देऊ?